मालकाचं विमान, कंपनीचं विमान

फ्रँकफर्ट
९ नोव्हेंबर

प्रिय लानताई,

हॉटेलच्या कागदावर लिहितोय म्हणून हसू नकोस. फोनवर आपलं कधी जमत नाही. मी जागा असतो तेव्हा तू झोपलेली असतेस, आणि मेसेजमध्ये तू ‘बरं चाललंय’च्या पुढे जात नाहीस. तू अमेरिकेत विमान चालवायला शिकत होतीस आणि मी सैन्यात सक्तीची नोकरी करत होतो तेव्हा आपण पत्रं लिहायचो, तसंच पुन्हा लिहावं म्हटलं.

काल रात्रभर उडून इथे आलो. विमानात आम्ही चौघं पायलट. एकानं उडवलं, दुसऱ्यानं उतरवलं, आणि मी मधल्या काळात वाळवंटावर बसून आकडे बघत होतो. या महिन्यात माझ्या वाट्याला एकच लँडिंग आलंय. एवढं मोठं यंत्र चालवायला शिकलो आणि महिन्यातून एकदा हात लावायला मिळतो.

अकरा वर्षं झाली को-पायलट होऊन. आमच्याकडे कॅप्टनची खुर्ची नोकरीला लागल्याच्या तारखेनं मिळते. आपल्यापुढे किती जण आहेत ते यादीत दिसतं. कुणी निवृत्त झालं की आम्ही केक खातो आणि मनातल्या मनात एक पाऊल पुढे सरकतो. तुम्ही चांगले असा, वाईट असा, रांग तीच. हुइ-शानला हे आवडतं. पुढच्या महिन्याच्या पंचवीस तारखेला मी कुठे असेन ते आमच्या फ्रिजवर लावलेलं असतं, आणि तेवढ्यावर बायको खूश. मला मात्र त्या कागदाकडे बघितलं की उठून कुठेतरी चालायला लागावंसं वाटतं.

तुझं वेगळं. परवा तैपेईच्या सोंगशान विमानतळावर काम होतं तेव्हा पलीकडे तुझं ते छोटं पांढरं विमान दिसलं. तू शिडीवर उभी होतीस. तिथून हाक मारली तर ऐकू गेलं नसतं, म्हणून नुसता बघत राहिलो. तुझे ते नटबोल्टच्या कारखान्याचे मालक आणखी एक पायलट घेणार आहेत असं कानावर आलंय. माझं नाव टाकशील?

तुझा
पो-रुइ

•

ओसाका
३० नोव्हेंबर

पो-रुइ,

तू मला शिडीवर पाहिलंस, पण माझ्या हातात काय होतं ते पाहिलं नाहीस. मालकांच्या बहिणीचा कुत्रा विमानात ओकला होता, तो पुसलेला टॉवेल होता.

बाबा रे, तू विमानात चढतोस तेव्हा विमान तयार असतं. इथे हवामान मी बघते, दुसऱ्या देशाची परवानगी मी मागते, इंधन मी सांगते, बॅगा मी चढवते. मालकांना कालवं घातलेल्या शेवया एकाच टपरीवरच्या लागतात, त्याही मीच रांगेत उभी राहून आणते. सीटा पुसते. राहिलेल्या वेळात विमान चालवते. आणि मग थांबते. परवा दुपारी इथून निघायचं होतं. संध्याकाळी निरोप आला, उद्या. उद्या उजाडला तर म्हणाले, घरी नको, आधी दा नांगला जाऊ. माझ्या बॅगेत दोनच शर्ट होते. मावशीची सत्तरी तुम्ही सगळ्यांनी केलीत त्या दिवशी मी कुठे होते ते मलाही आता आठवत नाही. फोटोत सगळे आहात.

तरी मी सोडत नाही, हेही खरं. आठवड्यातून चार-पाच वेळा स्वतःच्या हातानं उतरवते. तुमचं मोठं धूड जिथे वळूही शकणार नाही अशा जागी जाते. आणि मी कुणाला नेते ते मला ठाऊक असतं. मालकांना, म्हणजे ओउयांगसाहेबांना, कुठल्या बाजूला ऊन नको असतं, सौदा बिघडला की ते कसे गप्प बसतात, सगळं पाठ झालंय. दर महिन्याला आम्ही किनमेनला जातो. ते त्या बेटावरचे. आई नव्वदीची, गावातल्या घरात राहते, मुलाच्या बंगल्यात यायला तयार नाही. मला उकडलेल्या शेंगा देते. तिला वाटतं मी हवाईसुंदरी आहे आणि चालवणारा बाप्या आत कुठेतरी बसलाय. साहेबांनी दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा मीच म्हटलं, राहू दे.

एक गोष्ट मात्र नीट ऐक. तुमच्याकडे ‘नाही’ म्हणायला एक अख्खं ऑफिस असतं. इथे ते मला म्हणावं लागतं, आणि ज्याला म्हणायचं तो माझ्यापासून चार पावलांवर बसलेला असतो. तुझं नाव अजून टाकलेलं नाही. विचार कर.

लानताई

•

ताओयुआन
८ जानेवारी

प्रिय लानताई,

तुझं पत्र हुइ-शाननं वाचलं आणि फार खूश झाली. म्हणाली, बघ, तुझी ताई शहाणी आहे. मला वाटलं, ताई लबाड आहे. स्वतः झाडावर बसून मजेत आंबे खायचे आणि खाली उभ्या असलेल्याला सांगायचं, वर मुंग्या आहेत.

‘नाही’ म्हणावं लागतं, असं तू भीती घालायला लिहिलंस. मला तेच हवंय. गेल्या आठवड्यात टोकियोत बर्फ पडला. आमच्या ऑफिसनं विमान रद्द केलं. मला कळेपर्यंत रद्द होऊनही गेलं होतं. मी गणवेश काढला, घरी आलो, डंपलिंग खाल्ली, झोपलो. तीनशे माणसं अडकली होती, त्यातल्या एकाचंही तोंड मी पाहिलं नाही. त्यांना मी माहीत नाही, मला ते माहीत नाहीत. चूक झाली असं म्हणत नाही. रद्दच करायला हवं होतं. पण माझ्या जागी तिथे कोट टांगून ठेवला असता तरी चाललं असतं, असं वाटत राहिलं. दोन दिवस मी घरात येरझाऱ्या घालत होतो. शेवटी हुइ-शाननं हातात कचऱ्याची पिशवी दिली आणि म्हणाली, चालायचंच आहे तर खाली जाऊन ये.

आता तू चिडणार आहेस. मी तुझ्या मालकांच्या ऑफिसला सरळ अर्ज पाठवलाय. तुझा मावसभाऊ आहे असंही लिहिलं. हुइ-शानला अजून सांगितलेलं नाही, तूही बोलू नकोस.

तुझा
पो-रुइ

•

तैपेई
२० फेब्रुवारी

पो-रुइ,

चिडले होते. म्हणून महिनाभर लिहिलं नाही. परवा चांद्र नववर्षाच्या सुट्टीत तू माझ्यासमोर बसून डुकराचं मांस ओरपत होतास आणि हुइ-शान शेजारी होती, तेव्हा तुझ्या कानशिलात द्यावीशी वाटत होती. मावशीच्या देखत बरं दिसलं नसतं.

आता कामाचं. माझ्याबरोबरचे पायलट कुओकाका डोळ्यांमुळे निवृत्त झाले. बावीस वर्षं मालकांचं विमान त्यांनी चालवलं. जाताना त्यांनी फक्त आपली पाण्याची बाटली उचलली. सध्या माझ्या शेजारी रोजंदारीवर कुणीतरी येतं. कधी हा, कधी तो. मालकांनी तुझा अर्ज पुढे करून मला विचारलं, कसा आहे. मी म्हटलं, हात चांगला आहे, तोंड जरा जास्त आहे. ते म्हणाले, ‘तुमच्या घराण्यात सगळेच एवढे जपून असतात का?’ सापोरोला बर्फामुळे मी त्यांना एक दिवस अडकवून ठेवलं होतं, त्यावरून. हसत म्हणाले.

मे महिन्यात बोलावतील असं दिसतं. तेव्हा आधी बायकोला सांग. मग बाकीचं.

खरं म्हणशील तर तू आलास तर मला बरंच वाटेल.

लानताई

•

शिनचू
१६ एप्रिल

लानताई,

तू फोन उचलत नाहीस. आई रोज विचारते.

सोंगशानच्या एका मेकॅनिककडून अर्धवट कळलं. पितरांच्या सणाच्या दिवशी तू मालकांना घेऊन किनमेनला गेलीस, धुकं होतं, उतरता आलं नाही, आणि त्याच दिवशी त्यांची आई गेली. तू कामावर येत नाहीस, असंही तो म्हणाला. पुढचं त्याला माहीत नाही, किंवा त्यानं सांगितलं नाही.

त्या दिवशी किनमेनची सगळीच विमानं रद्द होती. टीव्हीवर दाखवत होते, विमानतळावर माणसं सामानावर डोकं ठेवून बसलेली. तुझी चूक असूच शकत नाही. मग तू लपून का बसलीस?

लिही. दोन ओळी लिही.

पो-रुइ

•

पानछ्याओ
२५ एप्रिल

पो-रुइ,

दोन ओळींत मावणारं असतं तर आधीच लिहिलं असतं.

सणाच्या आदल्या दिवशी मालकांच्या आईंना हॉस्पिटलमधून घरी आणलं होतं. आता घरीच जाऊ द्या, असं डॉक्टर म्हणाले होते. मालकांचा सकाळी फोन आला, लगेच निघू. कंपन्यांची विमानं तोवर रद्द झाली होती. धुक्यात किती लांबचं दिसतं त्याचा किनमेनहून येणारा आकडा अगदी काठावर होता. जायला परवानगी होती, उतरता येईल याची खात्री नव्हती. मी त्यांना तसं सांगितलं. म्हणाले, जाऊन तर बघू. शेजारी लाई नावाचा तरुण मुलगा होता, त्या दिवसापुरता बोलावलेला.

तुला सांगायला नको, पण सांगते. दोनशे फुटांपर्यंत खाली यायचं, तोवर धावपट्टीचे दिवे दिसले तर उतरायचं, नाही दिसले तर तिथल्या तिथे वर उचलायचं. पहिल्या वेळी काही दिसलं नाही. खिडकीबाहेर नुसता कापूस. वर उचललं.

वळून पुन्हा आले तेव्हा मालक माझ्या मागे येऊन उभे राहिले. आमच्याकडे पायलट आणि प्रवाशांच्या मधलं दार नुसतं सरकवायचं असतं. मी त्यांना बसायला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. ते काही बोलत नव्हते. त्यांनी माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला होता आणि तो मला पाठीला लागत होता. लाई म्हणाला, ‘किमान उंची.’ मी ऐकलं. दिवे दिसत नव्हते. मी खालीच येत राहिले. लाई पुन्हा म्हणाला, या वेळी मोठ्यानं. आणि धुक्यातून एकदम झाडांचे शेंडे दिसले, पो-रुइ. आमच्या खाली नव्हते, समोर होते. एका घराचं छप्परही दिसलं, त्याच्या कोपऱ्याचं वळण दिसलं. मग मी उचललं.

वर आल्यावर मी विमान सरळ केलं. मग मालक म्हणाले, ‘अजून एकदा.’

मी म्हटलं, ‘नाही.’

‘इंधन नाही?’

‘आहे.’

‘विमानात बिघाड?’

‘विमान ठीक आहे.’

‘मग?’

‘मी ठीक नाही,’ मी म्हटलं. ‘तिसऱ्यांदा गेले तर मी उतरवीनच. दिसो की न दिसो.’

त्यांनी खुर्चीवरचा हात काढला आणि मागे जाऊन बसले. आम्ही परत फिरून ताइचुंगला उतरलो. तिथल्या बाकावर ते फोन कानाला लावून बसले होते. दुपारच्या आधी आई गेल्या. आणि दुपारनंतर किनमेनला लख्ख ऊन पडलं. मीच त्यांना घेऊन गेले. इतकं स्वच्छ होतं की समुद्रापलीकडच्या किनाऱ्यावरच्या इमारती मोजता आल्या असत्या. उतरताना मालक माझं आडनाव घेऊन म्हणाले, ‘आभारी आहे, कॅप्टन श्वे.’ एवढंच. तीन दिवसांनी त्यांच्या सेक्रेटरीनं विमानतळाचं ओळखपत्र परत मागितलं. तुम्ही थोडी विश्रांती घ्या, म्हणाली.

अंत्यविधीला मी तिकीट काढून गेले. मधल्या सीटवर बसून, दोन्ही बाजूंना दोन म्हातारे. आईंना सांभाळणारी वातिनी, ती इंडोनेशियन बाई, मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. तिनं सांगितलं, सकाळी आईंचं काही लक्ष नव्हतं, डोळे मिटलेले होते. मग घरावरून विमान गेलं. इतकं खालून की खिडकीची काच वाजली. आईंनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, ‘आला.’ नंतर बोलल्या नाहीत.

मालकांनाही तिनं हे सांगितलंय.

तू म्हणतोस माझी चूक असूच शकत नाही. चूक आहे. लोकांना वाटतं ती तिसऱ्या वेळेला ‘नाही’ म्हटलं तेव्हा झाली. ती दुसऱ्या वेळेला झाली. मी तीन माणसांना झाडात घातलं असतं, आणि कुणाच्या हुकमावरून नाही. नुसत्या एका हातावरून. मला झोप लागत नाही. घरात फिरत असते. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, तुमच्याकडे पाहुणे आलेत का.

हे कुणाला दाखवू नकोस. लाई काही बोललेला नाही. बोलला तर माझं लायसन्स जाईल, आणि त्याला दोष देता येणार नाही.

लानताई

•

शिनचू
१२ मे

प्रिय लानताई,

हे लिहायला मला सतरा दिवस का लागले ते आता कळेल. शेवटपर्यंत वाच, मग फाड.

तुला १६ एप्रिलला पत्र लिहिलं, त्याच्या चार दिवस आधी मालकांच्या ऑफिसातून मला फोन आला होता. भेटायला या. को-पायलटच्या नाही, कॅप्टनच्या जागेसाठी. म्हणजे तुझ्या. मला ते समजलं होतं आणि तरी मी पत्रात लिहिलं नाही. तुला काय झालंय ते विचारत होतो आणि खिशात तुझी खुर्ची घेऊन बसलो होतो. हुइ-शानला सांगितलं तर ती म्हणाली, ‘आधी ताईला विचार.’ मी विचारलं नाही. जाऊन आलो.

त्यांच्या कांगशानच्या कारखान्यात गेलो होतो. नटबोल्ट पडतात त्याचा आवाज ऑफिसपर्यंत येतो. साहेब वाळलेले दिसले. बाहीला दुखवट्याची चिंधी टाचलेली. स्वतः चहा गाळला, माझ्या अकरा वर्षांबद्दल विचारलं, आणि मग म्हणाले, ‘तुम्ही असतात तर तिसऱ्यांदा गेला असतात?’

येताना गाडीत मी उत्तर घोकत आलो होतो. सुरक्षितता, नियम, सगळं. तुझं पत्र वाचलेलं असल्यामुळे ते तोंडातून निघेना. मी म्हटलं, ‘मला माहीत नाही. अकरा वर्षांत मला हे कुणी विचारायची वेळच आली नाही. आमच्याकडे ते आधीच ठरलेलं असतं.’

त्यांनी आपला कप बाजूला सारला. मला वाटलं संपलं. मग त्यांनी वेगळंच विचारलं. ‘विमान किती वरून गेलं की घराची काच वाजते?’

मी म्हटलं, घर कसं आहे, वारा कुठला, यावर असतं. म्हणाले, ‘वातिनी भली बाई आहे. माणसाला बरं वाटावं म्हणून ती काहीही सांगेल. नियमाप्रमाणे विमान जेवढ्या उंचीवर थांबतं, तिथून आमच्या घरात आवाज येतो, पण काच वाजत नाही. मी लहानपणापासून त्या घरात विमानं ऐकली आहेत. तुमच्या बहिणीनं काही सांगितलं का?’

ताई, मला सगळं माहीत होतं. हो म्हटलं असतं तर त्यांच्या जिवाला शांतता मिळाली असती, आणि तुझं लायसन्स त्यांच्या हातात गेलं असतं. मी म्हटलं, ‘ते तिलाच विचारा.’ ते म्हणाले, ‘कुठल्या तोंडानं?’

जागा अजून माझ्यासाठी ठेवली आहे. मी थोडा वेळ मागितला. घेऊ नको म्हणालीस तर घेणार नाही.

पो-रुइ

•

पानछ्याओ
२० जुलै

पो-रुइ,

फाडलं नाही. आधी दोन दिवस फार राग आला, मग हसू आलं. माझी खुर्ची खिशात घेऊन तू माझी विचारपूस करत होतास, हे मावशीला सांगितलं तर ती तुला जेवायला घालणार नाही. पण तू ‘माहीत नाही’ म्हणालास, ते बरं केलंस.

आईंच्या एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीनंतर, मेअखेरीस, मालक माझ्याकडे आले. फोन नाही, काही नाही. मी जिना झाडत होते. चौथ्या मजल्यापर्यंत चढून आले, बरोबर किनमेनच्या शेंगदाण्याच्या वडीचा डबा. इतकी वर्षं त्यांच्या बॅगा मी उचलल्या, तो डबा मात्र त्यांनी माझ्या हातात दिला नाही, स्वतः आत नेऊन टेबलावर ठेवला. माझ्या खोलीत एकच नीट खुर्ची आहे. ती त्यांना दिली आणि मी पलंगावर बसले.

हवापाण्याचं बोलणं झालं. आमच्या गल्लीत गाडी लावायला जागा नाही यावर झालं. मग गप्प बसले. सौदा बिघडला की बसतात तसे नाही, निराळे. शेवटी मीच म्हटलं, ‘साहेब, जे विचारायला आलात ते विचारा.’

‘त्या दिवशी किती खाली आला होतात?’

मी लायसन्सचा विचार केला नाही असं नाही. केला. नव्या नोकरीसाठी मी अर्ज करणार होते, त्याचाही केला.

‘यायला नको होतं इतकी खाली,’ मी म्हटलं. ‘छपराचा कोपरा दिसला. वळणदार होता.’

‘कुठल्या रंगाचा?’

‘लाल. एका टोकाला फुटलेला.’

त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं चिडतील. आपला जीव धोक्यात घातला म्हणून चिडायचा त्यांना हक्क होता. थोड्या वेळानं म्हणाले, ‘म्हणजे आईनं ऐकलं ते खरंच.’

आणि मग ते रडले, पो-रुइ. सत्तरीला आलेला माणूस, माझ्या खोलीत, एका खुर्चीवर. मी पाणी दिलं. दुसरं काय करणार.

जाताना म्हणाले, तुमची जागा रिकामीच आहे, पाहिजे तेव्हा या. मी नको म्हटलं. का, विचारलं. मी म्हटलं, ‘तुम्ही मागे येऊन उभे राहिलात तर मी पुन्हा खाली जाईन.’ त्यांना समजलं. त्यांनी वाद घातला नाही. तुझ्याबद्दलही विचारलं. मी म्हटलं, त्याचं तो बघेल.

लाईलाही मी फोन केला. मी स्वतःच झालेलं विमान खात्याला लिहून कळवते आहे, तू मला दोनदा बजावलंस हेही त्यात आहे, असं सांगितलं. तो म्हणाला, ‘ताई, माझ्याही डोळ्यांसमोरून ती झाडं जात नाहीत.’ कळवलंय. चौकशी झाली, काही महिने जमिनीवर राहायची शिक्षा झाली. लायसन्स राहिलं. बेटांवर जाणाऱ्या एका छोट्या कंपनीला हे सगळं सांगून अर्ज केला, आणि त्यांनी घेतलं. पंख्याचं विमान, को-पायलट, रांगेत सगळ्यात शेवटी. माझा कॅप्टन एकोणतीस वर्षांचा असणार आहे. भेटला तेव्हा मला ‘मावशी’ म्हणता म्हणता थांबला.

तू आता म्हणशील, ताईला निवांत वाटत असेल. नाही वाटत. मी त्या वेळी केलं ते वाईट केलं, आणि त्या घरापर्यंत पोचलं ते नेमकं तेवढंच. नियमानं वागले असते तर त्या माउलीचे डोळे उघडलेच नसते. याचं काय करायचं ते मला कळत नाही. म्हणून मला मध्ये ऑफिस हवंय, रांग हवी, बंद दार हवं. तू ज्याला कोट टांगून ठेवणं म्हणतोस ना, ते मला हवंय. सगळ्यांना हवं असं नाही.

जागा घ्यायची तर घे. माझी म्हणून घेऊ नकोस, माझ्यावर उपकार म्हणून सोडू नकोस. हुइ-शानला विचार, आणि या वेळी ती काय म्हणते ते ऐकसुद्धा.

लानताई

•

काओश्युंग
१४ ऑक्टोबर

प्रिय लानताई,

हुइ-शान म्हणाली, ‘तू घरात असूनसुद्धा कुठे असतोस? निदान आता खरंच बाहेर जा.’ मग फ्रिजवरचा कागद काढून तिनं त्याच्या मागे भाजीची यादी लिहिली. ती खूश नाही. पण भांडलीही नाही. 

मी घेतली, ताई. अकरा वर्षांची रांग सोडली. कंपनीत केक कापला. माझ्यामागच्या सगळ्यांनी दोन-दोन तुकडे खाल्ले.

काल पहिल्यांदा साहेबांना घेऊन किनमेनला गेलो. इंधन मी सांगितलं, शेवया मी आणल्या. दुकानदारानं विचारलं, त्या बाई कुठे गेल्या. तिथल्या हवेत थोडी धूळ होती, पण धावपट्टी लांबूनच दिसत होती. भीतीचं काहीही नव्हतं. निघण्याआधी मी साहेबांना म्हटलं, उतरताना जागेवर पट्टा लावून बसावं लागेल. वाक्य अगदी साधं होतं, पण ते मी गाडीत तीनदा घोकलं होतं. ते हो म्हणाले. सगळ्यात मागच्या खुर्चीवर जाऊन बसले आणि मी पुन्हा सांगायच्या आधी पट्टा लावला.

मधलं दार त्यांनी स्वतःच ओढून घेतलं. खाली येताना तुझी ती झाडं दिसली, छपरं दिसली, लाल कोपरा कुठला ते ओळखू आलं नाही. मी ठरलेल्या वाटेनं, ठरलेल्या उंचीनं आलो. चांगलं उतरवलं. एकदाही मागे वळून बघितलं नाही.

पण ते मागे बसलेत, हे पूर्ण वेळ माझ्या पाठीला कळत होतं.

तुझा
पो-रुइ